फक्त फोटोपुरतं

ताईंचा एक नियम होता आणि त्या नियमाचा त्यांना अभिमान होता. रस्त्यावरचं कुठलंही मूल त्यांच्या घरात उचलून आणायचं नाही. त्याने फाटकातून स्वतःच्या पायांनी आत यायचं. मग एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून ते हवा तेवढा वेळ उभं राहिलं तरी चालेल. त्याला हाताला धरून ओढायचं नाही, बिस्किटाचा पुडा दाखवून भुलवायचं नाही, मागून फाटकाला कडी घालायची नाही. अगदी सुरुवातीला त्यांनी हौसेने पोलीस बरोबर घेऊन मुलं गोळा केली होती. त्यातली बरीचशी मागच्या भिंतीवरून उड्या टाकून पसार झाली आणि जाताना नळाच्या तोट्याही घेऊन गेली. तेव्हापासून ताई म्हणत, "उचलून आणलेलं मूल भिंतीवरून जातं. चालत आलेलं राहतं." हे वाक्य त्यांनी इतक्या सभांत सांगितलं होतं की घरातली पोरं त्यांची नक्कल करताना नेमकं तेच घ्यायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून.

बटण अशीच चालत आली होती. वय असेल नऊ-दहा, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. अंगात कुणा मोठ्या माणसाचा कोट, त्याला एकही बटण नाही, म्हणून तो छातीशी मुठीत गच्च धरलेला. पोरांनी त्यावरूनच तिचं नाव पाडलं. ती फाटकातून दोन पावलं आत आली आणि तिथेच कोसळली. अंग तापाने फणफणलं होतं. आत आलेल्याला उचलायला नियमाची ना नव्हती. ताईंनी तिला उचललं, त्या अनवाणीच रस्त्यावर धावल्या आणि थेट दवाखाना गाठला. नव्या मुलाचा आल्या आल्या एक फोटो काढायची त्या घरात पद्धत होती. त्या गडबडीत बटणचा फोटो राहिला, आणि तो राहिला याची कुणाला आठवणही झाली नाही.

मोठ्या चौकातल्या सिग्नलवर बटण आणि तिची धाकटी बहीण भीक मागायच्या. त्यांच्यावर एक बाई होती, तिला त्या मावशी म्हणत. नात्याने मावशी की सोयीने, कोण जाणे. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण ज्याने केली त्याला ही मावशी भेटली नसावी. रोज सकाळी ती दोघींना पुढ्यात बसवायची, तेलात कालवलेली काजळी त्यांच्या तोंडाला, मानेला, हातांना लावायची, विंचरलेले केस विस्कटायची आणि मग कामाला सोडायची. बटणने हे ताईंना खूप दिवसांनी सांगितलं, तेही नखं कापून घेता घेता, शेजारणीची गोष्ट सांगावी तसं.

"आम्ही काही तेवढ्या घाण नव्हतो ताई," ती म्हणाली. "आम्हाला घाण करायला लागायचं."

त्या दिवशी ताईंना जेवण गेलं नाही. पुढच्या सभेत त्यांनी हे सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ताईंच्याही आलं. म्हणजे गोष्ट त्यांना माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

धाकटी सहा वर्षांची असेल. ती अजून चौकातच होती. मुलांच्या शोधात दिवसभर गावभर सायकल हाणणारा एक दादा घरात कामाला होता. त्याच्याबरोबर बटण आठवड्यातून एकदा चौकात जाऊन बहिणीला भेटायची. मावशी कुरकुरायची, पण भरचौकात तमाशा करून तिला चाललं नसतं. बटणने धाकटीला गादीचं सांगून पाहिलं, शाळेचं सांगून पाहिलं, दोन वेळच्या गरम जेवणाचं सांगून पाहिलं. धाकटी ढिम्म. ती हलली एकाच गोष्टीवर.

"तिथे तोंडाला काही लावत नाहीत," बटण म्हणाली.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"पाहुणे आले तरी?"

"अगं पाहुणे आले तर उलट दोनदा तोंड धुवायला लावतात!"

यावर धाकटी पुष्कळ विचारात पडली. दरवेळी हेच सगळं तिने पुन्हा विचारून घेतलं, आणि शेवटी एकदा म्हणाली, "येते. पण आधी फाटकातून बघणार. तसं नसलं तर परत जाणार." बटण त्या दिवशी घरी आली ती उड्या मारतच. आपल्या पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला तिने बहिणीसाठी जागा करून ठेवली आणि स्वतः कडेला, पडेल की काय अशी झोपू लागली. शनिवारी दुपारी दादा धाकटीला सायकलवरून घेऊन येणार असं ठरलं.

त्याच शनिवारच्या दुसऱ्या दिवशी हितचिंतकांची वार्षिक सभा होती. सभेत पडद्यावर मुलांच्या फोटोंच्या जोड्या दाखवत. डावीकडे आल्या दिवशीचं मूल, उजवीकडे आताचं. लोक टाळ्या वाजवत, नाकं पुसत आणि मग मदत करत. यंदा मुलींसाठी नवी खोली बांधायची होती. एकेका पलंगावर दोघी-दोघी झोपत होत्या, काही व्हरांड्यात. एक सुखवस्तू जोडपं खोली बांधून देण्याच्या विचारात होतं आणि ते सभेला येणार होतं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांचं मत पडलं की शेवटची जोडी बटणची हवी. आली तेव्हा ती आठवडेच्या आठवडे तोंडातून शब्द काढत नव्हती, आणि आता वर्गात बाई तिला गप्प बस म्हणून ओरडायच्या. अशी मुलगी शेवटी ठेवायची नाही तर कुणाला ठेवायची?

शनिवारी सकाळी फोटो लावायला बसले तेव्हा कळलं, बटणचा उजवीकडचा फोटो आहे, डावीकडचा नाही.

फोटोंचं काम ताईंच्या भावाचा मुलगा फुकटात करायचा, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क होता. "आत्या, आधीचा नसेल तर आताचा घेऊन काय करू? नुसती गुटगुटीत पोरगी दिसेल. लोक म्हणतील, हिला काय धाड भरलीय?"

"मग दुसरं मूल घे."

"दुसरी सगळी मागच्या वर्षी दाखवून झालीत." मग जरा थांबून तो म्हणाला, "आपण आत्ता काढू की. जुना फ्रॉक घालू, जरा काळं लावू. कुणाला कळतंय?"

"नाही म्हणजे नाही," ताई म्हणाल्या, आणि हे त्या मनापासून म्हणाल्या.

पण काका गोड बोलण्यात वाकबगार. "खोटं कुठे आहे त्यात, ताई?" ते म्हणाले. "ती होतीच ना तशी? आपण काही बनवून सांगत नाही आहोत. तुम्ही तिचा जीव वाचवायला धावलात म्हणून फोटो राहिला. चांगलं केलंत त्याची शिक्षा आपण मुलींना का द्यायची? त्या व्हरांड्यात झोपतायत."

व्हरांड्याचं नाव निघालं आणि ताई अडल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरी कोण आणि गाढव कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

"फक्त फोटोपुरतं," त्या म्हणाल्या. "आणि लगेच आंघोळ घालायची."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी काजळी मागितली. स्वयंपाकाच्या काकूंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कशाला हवी?" त्यांनी विचारलं. ताईंनी सांगितलं. काकूंनी मोठी कढई उपडी करून पुढे सरकवली आणि पाठ फिरवून कांदे चिरायला घेतले. फडक्यांच्या गाठोड्यातून एक फाटका फ्रॉक निघाला.

बटणला बोलावलं. ती दारात उभी राहून कढईकडे बघत राहिली.

"फक्त फोटोपुरतं गं," ताई म्हणाल्या. "तू आलीस तेव्हाचा फोटो नाही ना आपल्याकडे. पाच मिनिटांचं काम. चालेल ना?"

"तुम्ही म्हणताय ना?" बटण म्हणाली.

"हो."

"मग चालेल."

ती पुढे आली, ताईंच्या पुढ्यात मांडी घालून बसली, तोंड वर केलं आणि डोळे मिटले. बस म्हणून, डोळे मीट म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. ताईंनी बोटाला काजळी घेतली आणि तिच्या गालावर जपून एक ठिपका लावला, मग दुसऱ्या गालावर.

बटणने एक डोळा उघडला. "असं नाही ताई. हे नाटकातलं वाटतं. आधी तेल लावा, मग ते पसरतं. डोळ्यांखाली जास्त. ओठांच्या बाजूला नको, तिथून निघून जातं." आणि ताईंचं बोट आपल्या हातात धरून तिने ते आपल्या डोळ्यांखालून फिरवलं. "हां, असं. आता मान."

ताईंनी मान काळी केली. लाज तिथेच वाटायला हवी होती. वाटली नाही असंही नाही. पण भाचा बाहेरून हाका मारत होता, ऊन वर चढल्यावर फोटो चांगला येणार नाही म्हणत होता. ताईंनी लाज बाजूला ठेवली आणि तिच्या हातांना काजळी लावायला घेतली. माणूस काम उरकायच्या घाईत असला की काहीही उरकून टाकतो.

फाटकाजवळच्या भिंतीचं प्लास्टर पडलं होतं, तिथे बटणला उभं केलं.

"हसू नकोस," भाचा म्हणाला.

"रडू का?"

"नको, नुसती उभी राहा."

पण तिला नुसतं उभं राहता येईना. त्या भिंतीपाशी, त्या फ्रॉकमध्ये, तिचं अंग आपोआप आठवायला लागलं. खांदे पडले, मान एका बाजूला कलली, एक हात पोटावर गेला आणि दुसरा पुढे आला. ती होती त्यापेक्षा लहान दिसू लागली. ओठ हलले, आवाज न करता, जे रोज म्हणायची तेच म्हणाली असणार.

"वा!" भाचा ओरडला. "एक नंबर! हलू नकोस!"

तेवढ्यात फाटकाबाहेर सायकलची घंटी वाजली.

दादा दुपारी येणार होता. पण मावशी सकाळीच कुठेशी गेली म्हणून त्याने संधी साधली. धाकटी सायकलवरून उतरली, फाटकाशी आली आणि सांगितलं होतं तसं एक पाऊल आत टाकून उभी राहिली. तिच्याही तोंडाला काजळी होती, रोजची. समोर तिची बहीण उभी होती, काळी, हात पसरून. शेजारी ताई उभ्या होत्या आणि त्यांची दहाही बोटं काळी होती. ताईंनी ती पाठीमागे घेतली. पण तोवर पोरीने पाहिलं होतं.

"तू म्हणाली होतीस," धाकटी म्हणाली.

बटणचा हात खाली आला. "अगं, हे फक्त..." ती म्हणाली.

धाकटीने आत टाकलेलं पाऊल मागे घेतलं आणि ती पळत सुटली. दादाने सायकल टाकली, दोन ढांगा टाकल्या आणि थांबला. नियम होता. तो ताईंकडे बघत राहिला. त्या नुसतं हूं म्हणाल्या असत्या तरी त्याने पोरीला कोपऱ्यावर गाठली असती. कोणत्या तोंडाने तिला थांबवायचं, हे त्यांना कळेना.

न्हाणीघरात ताई बटणला घासू लागल्या. तेलाची काजळी ती, निघता निघेना. बटण रडली नाही. तिने ताईंच्या हातातून साबण काढून घेतला.

"मी धुते," ती म्हणाली. "मला येतं." थोड्या वेळाने, तोंडावर फेस असताना, म्हणाली, "आता तिला वाटणार, मी खोटं बोलले."

"तू नाही बोललीस. मी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते तिला."

त्या एकट्याच चौकात गेल्या. धाकटी दुभाजकावर बसली होती. ताईंना पाहून ती उठली, पण पळाली नाही. इथे ती तिच्या जागेवर होती, पळायचं काही कारण नव्हतं. ताई तिच्यासमोर खाली बसल्या, येणारेजाणारे बघत होते तरी बसल्या.

"तुझी बहीण खोटं नाही बोलली गं. तिने नाही लावलं, मी लावलं. आमच्याकडे खरंच कधी लावत नाहीत."

"लावलं तर."

"आज एकदाच. फोटोसाठी."

"फोटो कशाला?"

"लोकांना दाखवायला."

"तो बघितला की ते देतात?"

"हो."

धाकटीने जरा विचार केला. "नुसत्या धुतलेल्या पोरींना नाही देत?"

ताईंना थाप मारता आली असती. इतक्या सभा गाजवलेली बाई, तिला शब्दांची काय वाण? पण त्या पोरीच्या समोर जमिनीवर बसून त्यांना ती मारवेना. "फारसं नाही देत," त्या म्हणाल्या.

धाकटीने समजून मान हलवली, एकाच धंद्यातल्या दोन माणसांनी हलवावी तशी. "इथे पण नाही देत," ती म्हणाली. सिग्नल लाल झाला आणि ती गाड्यांकडे गेली.

ताई घरी आल्या आणि त्यांनी भाच्याला तो फोटो पुसायला लावला. तो चरफडला, काकाही बरंच काही बोलले, पण फोटो पुसला गेला. तेवढं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सभेत बटण पडद्यावर आली नाही. नव्या खोलीचं आपण पुढे बघू, असं ते जोडपं चहा पिताना म्हणालं. ताईंना वाटलं होतं, एवढं नुकसान सोसल्यावर तरी छातीवरचं ओझं हलकं होईल. ते काही झालं नाही. चालत आलेलं मूल राहतं, हे वाक्य भाषणात आलं तेव्हा त्या अडखळल्या, आणि लोकांना वाटलं, ताईंना गहिवरून आलं.

सोमवारी सकाळी बटण स्वतःच म्हणाली, "मी दादाबरोबर जाऊन तिला घेऊन येते."

"मी पण येते," ताई म्हणाल्या.

बटणने जरा विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "या. पण लांब थांबा. तुम्ही दिसलात तर ती येणार नाही."

ज्या चौकात ताई दिसल्या की चार गाड्या ओलांडून पोरं धावत यायची, त्या चौकात त्यांना लपायला सांगितलं जात होतं, आणि सांगणारीचं म्हणणं खरं होतं. त्या हो म्हणाल्या.

दादा रस्त्याच्या कडेला सायकल धरून थांबला. बटण दुभाजकाकडे गेली. ताईंनी आडोसा शोधला. बसथांबा उघडा होता, फळांच्या गाड्याशी गर्दी होती. कोपऱ्यावर एक बंद पडलेलं दुकान होतं, त्याच्या अर्ध्या ओढलेल्या शटरमागे त्या शिरल्या. आत आधीच एक बाई उभी होती.

ती मावशी होती, त्यांनी आजवर लांबूनच पाहिलेली. ताईंच्या मनात ती राक्षसीण होती. जवळून पाहिली तर चाळिशीची, केस नीट बांधलेली, हातात पाण्याची बाटली आणि पाय दुखत असल्यामुळे एका पायावर भार देऊन उभी असलेली बाई. ती आरडाओरडा करेल म्हणून ताई सावरून उभ्या राहिल्या. पण मावशीचं लक्ष दुभाजकाकडे होतं.

"मोठी चांगली भरली की अंगाने," ती म्हणाली. "आता हिला कोण देणार?" मग तिने ताईंकडे पाहिलं आणि जरा सरकून आपल्या बाजूची जागा मोकळी केली. "इकडे या. तिथून पोरींना दिसाल तुम्ही."

ताईंना निघून जायचं होतं. पण बाहेर पडलं तर धाकटीला दिसायचं, आणि दिसायचं नव्हतं. त्या सरकल्या. मावशीच्या खांद्याला खांदा लागला.

तिथून खरोखरच सगळं नीट दिसत होतं. बटणने रुमाल ओला करून आणला होता. आधी तिने स्वतःचं तोंड त्याने खसाखसा पुसून दाखवलं आणि रुमाल धाकटीपुढे धरला, स्वच्छ. धाकटीने तो उलटसुलट करून पाहिला. मग बटणने तिचा गाल पुसला. धाकटी गुदगुल्या झाल्यासारखी हसली, मान मागे नेली, पुन्हा पुढे आणली. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. मग धाकटी उठली आणि तिने आपणहून बहिणीचा हात धरला. देवा, एवढं होऊ दे, त्या मनात म्हणाल्या, मग मला काय व्हायचं ते होवो.

"चालली की ही," मावशी म्हणाली, पण ती जागची हलली नाही. सिग्नलवर वाहतूक पोलीस उभा होता.

दोघी रस्ता ओलांडून सायकलपर्यंत आल्या. दादाने सायकल कलती केली. धाकटीने मागच्या सीटवर हात ठेवला आणि चढण्याआधी रोजच्या सवयीने एकदा शटरकडे पाहिलं, मावशी बघतेय का म्हणून. अर्ध्या धुतलेल्या तोंडाने ती बघत राहिली. दुभाजकावरून दिसलं नसतं ते सायकलपाशी दिसत होतं, शटरमागे दोघी शेजारीशेजारी उभ्या होत्या आणि दोघी तिच्याकडेच बघत होत्या.

तिने सीटवरचा हात काढला. मग बहिणीच्या हातातला हातही सोडवून घेतला, ओढाताण न करता, आणि गाड्या थांबायची वाट न बघता दुभाजकाकडे परत गेली.

ताई बाहेर आल्या. बटण फूटपाथवर एकटी उभी होती, ओला रुमाल हातात धरून.

"मी लांब थांबा म्हटलं होतं," ती म्हणाली. "तिच्याजवळ नाही."

ताईंना वर बघवेना. सिग्नल सुटला आणि गाड्या निघाल्या.